आत्याबाईंची वेगळी चूल

माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील, आणि अक्षर तर शाईत बुडालेल्या मुंग्या चालत गेल्यासारखं आहे. ज्याच्या हाती ही पानं पडतील त्याने क्षमा करावी. मला लिहिण्याची सवय नाही, चारचौघांत बोलण्याचीही नव्हती. पण आत्याबाईंचा एकही फोटो नाही, आणि आता आमच्या घरात ज्या सुना आल्या त्यांनी त्यांना पाहिलेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

फोटो नाही तो त्यांच्याच हट्टामुळे. माझ्या नणंदेच्या लग्नात फोटोवाला आला होता. सगळी मंडळी अंगणात ओळीने बसली. त्याने काळ्या फडक्याखाली डोकं घातलं, तशा आत्याबाई उठल्या. "तो आत तोंड घालून काय करतो ते मला दिसत नाय. मग मी त्याला कशास दिसू?" असं म्हणून त्या मागच्या दाराने परड्यात निघून गेल्या. त्या फोटोत आम्ही सगळे आहोत आणि मागे एक उघडं दार आहे. ते दार म्हणजेच आत्याबाई, असं मी मुलांना सांगते.

त्या ह्यांच्या आत्या, माझ्या सासऱ्यांची बहीण. ठेंगणी, काटक बाई. आलवण नेसत, आणि चालताना एक खांदा पुढे काढून चालत, जणू दाटीतून वाट काढताहेत. त्यांचे यजमान मचव्यावर तांडेल होते. मंगलोरी कौलं आणि नारळ घेऊन मुंबईपर्यंत जात. ते वारले तेव्हा मचव्यातला त्यांचा हिस्सा भागीदाराने विकत घेतला, आणि शिडाचा खर्च, दोरखंडाचा खर्च, असं सांगत सांगत निम्मेच पैसे आत्याबाईंच्या पदरात घातले. तेव्हापासून ती बाई संशयी झाली, असं लोक म्हणत. मला ते खरं वाटत नाही. त्यांच्या आईने मला सांगितलं होतं की पाळण्यात असतानासुद्धा ही दूध आधी ओठाला लावून बघायची.

आमच्या परड्यात मागच्या बाजूला एक खोली होती, तिथे त्या राहायच्या. चूल वेगळी, पण सणावाराला आमच्याकडे जेवत. दारात कोणी काही विकायला आला की त्या त्याला 'ये' म्हणत नसत. "आधी दोन्ही हात दाखव," म्हणत. नारळ कानाशी हलवीत, दुधाचा थेंब नखावर धरीत, रुपया मिळाला की पाट्यावर आपटून त्याचा आवाज ऐकत. माझ्या हातच्या फणसाच्या सांदणांवर त्यांचा जीव. पण तेसुद्धा आधी चिमटीने मोडून, हुंगून, मगच तोंडात घालत. मी नवी नवरी असताना मला त्याचं रडू यायचं.

आता जी गोष्ट सांगायची ती मिठाच्या सत्याग्रहाच्या तीन-चार वर्षं आधीची. हे मुंबईला एका कापडाच्या दुकानात नोकरीला होते. छातीचं दुखणं झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, मुंबई सोडा, आपल्या हवेत जा. रत्नागिरीला परत आले. हवा चांगली, पण हवेवर चूल पेटत नाही. पदरात दोन मुलं. काहीतरी धंदा करायचा एवढं ठरलं, कोणता ते ठरत नव्हतं. माझ्या मनात होतं की आमसुलं, आंबापोळी, कुळथाचं पीठ, असं जे घरी करता येतं ते करून बंदरावर विकावं. पण मी ते बोलले नाही. ह्यांच्या मनात एजन्सी होती.

मुंबईची एक चहाची कंपनी गावोगाव आपली दुकानं उघडून देत होती. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. दुकान आपण घ्यायचं, पाटी कंपनीची, कपाट कंपनीच्या नमुन्याचं, भाव कंपनीने छापलेला. दुकानात दुसरा माल ठेवायचा नाही. आधी अनामत भरायची आणि दर महिन्याला ठरलेला माल उचलायचाच. ह्यांना ते फार आवडलं. "नवं काही डोकं चालवायला नको. लोक पाटी बघून येतात," असं म्हणायचे. अनामतीसाठी माझ्या पाटल्यांवर त्यांची नजर होती. त्यांनी मागितल्या नव्हत्या. पण जेवताना माझ्या मनगटाकडे बघत, आणि मी पदर ओढून घेत असे.

एके दिवशी कंपनीचे गृहस्थ आमच्याकडे आले. कोट, टोपी, हातात चामड्याची पेटी. ओटीवर बसून त्यांनी चहाची बंद पुडी पुढे ठेवली. वर चकचकीत कागद, कागदावर हत्ती. मी आत दाराआड उभी होते. आत्याबाई उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

"फोड बघू," आत्याबाई म्हणाल्या.

"बाई, सील फोडता येत नाही. फोडलं की माल विकता येत नाही."

"मग आत काय आहे ते गिऱ्हाइकाला कळायचं कसं?"

"कंपनीवर भरवसा ठेवायचा."

"कंपनी राहते कुठे?"

"फोर्टात."

"घर स्वतःचं की भाड्याचं?"

गृहस्थ हसले. हे मात्र हसले नाहीत. "आत्ये, तू आत जा," म्हणाले.

"जाते. एवढं एक विचारू दे यांना. काय हो, माल राहिला तर परत घेता?"

"परत घेण्याची पद्धत नाही."

"आणि पावसाळ्यात बोट बंद असते, तेव्हासुद्धा महिन्याचा माल उचलायचा?"

"तो आधीच भरून ठेवायचा. चहा काही नासत नाही, बाई."

"आमच्याकडे पावसाळ्यात मीठसुद्धा रडतं," आत्याबाई म्हणाल्या. मग त्या एकदम दाराकडे वळल्या. "अगो, तू सांग. सदू मुंबईला होता तेव्हा मे महिन्यात घरी येताना ट्रंकेतून काय काय आणायचा?"

परपुरुषासमोर मी तोपर्यंत तोंड उघडलं नव्हतं. आत्याबाईंनी पुन्हा विचारलं, "बोल गो. काय आणायचा?"

"चहा," मी म्हटलं. मग आणखी एक शब्द आपोआप आला. "साबण."

"आणि तो शेजारचा गणू? आणि वरच्या आळीतली सगळी पोरं?"

"चहाच."

आत्याबाई गृहस्थांकडे वळल्या. "घरटी एक माणूस मुंबईला आहे. मे महिन्यात पावसाळ्याच्या चारही महिन्यांची भर करून ठेवतात माणसं, आणि नेमका तेव्हा चहा त्यांच्या घरी ट्रंकेतून येतो. फुकट. मग ह्याच्या दुकानात कोण येणार? हत्ती?"

गृहस्थांनी पुडी पेटीत घातली आणि विचार करून कळवा म्हणून निघून गेले. ह्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सहा वर्षं झाली लग्नाला. तुला वाचा फुटायला हाच मुहूर्त सापडला होय?"

ती एजन्सी पेठेतल्या दामूने घेतली. आणि खरं सांगायचं तर ती चालली. कचेरीतले कारकून, शाळेतले मास्तर, नवी चाल आवडणारे लोक, सगळे तिथून पुडी नेऊ लागले. दुकानात गॅसबत्ती आली, पुढच्या वर्षी गाणी वाजवणारा फोनो आला. त्या पेठेतून जाताना हे मान खाली घालून चालत. मी देवाला जाताना त्या हत्तीच्या पाटीकडे बघे आणि मनात म्हणे, त्या दोन शब्दांनी मी घर बुडवलं. आत्याबाईंचा हेतू काय होता, याचाही मला संशय येऊ लागला होता. शेजारणी म्हणत, "तिला तुमचं घर हवं आहे. तुम्ही परत मुंबईला गेलात की घर तिचंच."

आणि मग आत्याबाईंनीच पैसे देऊ केले. मचव्याच्या हिश्शाचे राहिलेले सगळे. त्याच्यापलीकडे त्यांच्याजवळ काही नव्हतं. म्हातारपणाचं दुखणं, शेवटचा लाकूडफाटा, सगळं त्याच पैशांतून होणार होतं. "पाटल्या हातातच ठेव," त्या मला म्हणाल्या. "आणि सदू, तुला आपलं काही करायचं असेल तर हे घे. बायकोला विचार काय करू ते. ती दाराआड उभी राहून विचार करते, मला दिसतं."

मी पहिल्यांदा आंबापोळीचं नाव घेतलं. मुंबईची वस्तू इथे विकण्यापेक्षा इथली वस्तू मुंबईकराच्या रिकाम्या ट्रंकेत घालावी, एवढंच मी म्हटलं. आत्याबाईंना तेही पटलं नाही. "आंबापोळी घरोघरी असते, तुझी कोण घेणार?" म्हणाल्या. पण पैसे दिले.

कागद केला नाही. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि जे वाचता येत नाही त्यावर अंगठा उठवायचा नाही असा त्यांचा नेम होता. आम्ही भैरीच्या देवळात गेलो. आत्याबाईंनी नारळ ठेवला, पैसे ह्यांच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "देवा, हे उसने आहेत. दिलेले नाहीत. तू ऐकलंस. सदू, तूही ऐकलंस." परत येताना वाटेत मला म्हणाल्या, "आता पैसे फिटेपर्यंत मी तुमच्याकडे जेवणार नाय. पाणीसुद्धा नको."

"का हो आत्याबाई? माझं काही चुकलं?"

"का ते विचारू नको."

मी विचारलं नाही, पण ते मनात काट्यासारखं रुतून बसलं. माझ्या हातच्या अन्नाचा संशय त्यांना पहिल्यापासून होताच. आता पैसे अडकले, तर मी काहीतरी करीन, असं तर त्यांना वाटत नसेल? ताटात काही घालीन? अशा शंका माणसाच्या मनात एकदा आल्या की त्या आंब्याच्या चिकासारख्या, धुतलं तरी जात नाहीत. त्या वर्षी गणपतीला मी मोदकांचं ताट त्यांच्या दारात घेऊन गेले. त्यांनी दार लोटून घेतलं.

मांडवीच्या धक्क्याच्या वाटेवर आम्ही एक खोपटं घेतलं. मुंबईला जाणारी माणसं तिथून जात. पडावातून आगबोटीपर्यंत जायचं, त्याच्या आधीच काय घ्यायचं ते घ्यायचं. पण ह्यांच्या डोक्यातून कंपनी गेली नव्हती. ह्यांनी मुंबईहून रंगीत चित्रं छापून आणली. हातात आंबा घेतलेली एक बाई. पत्र्याचे डबे करवून घेतले, त्यांत आंबापोळी भरली, झाकणं कथलाने डाखून बंद केली, वर चित्र चिकटवलं.

आत्याबाईंनी डबा हातात घेऊन चित्रातल्या बाईवर बोट ठेवलं. "ही कोण?"

"कोणी नाही, आत्ये. चित्र आहे."

"मग हिने केली असं लोकांना कशास सांगतोस? केली हिने," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

मे महिना आला. गिऱ्हाईक यायचं, डबा उचलायचं, नारळासारखा कानाशी हलवायचं आणि खाली ठेवायचं. आमचं गाव आत्याबाईंच्याच वळणाचं होतं, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. जी वस्तू आपल्या आया-बहिणी डोळ्यांसमोर उन्हात वाळवतात, ती वस्तू डाखलेल्या डब्यात कोण घेणार? शेवटची बोट गेली. पावसात डबे फोडले तर पोळ्यांवर बुरशी. नीट सुकायच्या आधीच कोंडल्या होत्या. हे ओटीवर डोक्याला हात लावून बसले. मी आत्याबाईंच्या खोलीकडे बघायचं धाडस केलं नाही. त्यांचे पैसे होते ते.

त्या स्वतःच आल्या. ओल्या अंगणात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सदू, संकष्टी आली."

दर संकष्टीला त्या अशाच येत. पैसे दे असं म्हणत नसत, संकष्टी आली एवढंच म्हणत. काही असेल ते हे देत. त्या दिवशी द्यायला काही नव्हतं. ह्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता शिव्याशाप होतील.

"पुढच्या सालाला सगळं उघडं मांड," आत्याबाई म्हणाल्या. "आणि मी बसते दुकानात."

पुढच्या वर्षीपासून त्या खरोखरच बसू लागल्या. फळीवर सगळा माल उघडा. आमसुलं, पोळ्या, पीठ. गिऱ्हाइकाला आधी तुकडा चाखायला. पण एकच. दुसऱ्यांदा हात पुढे आला की त्या तो हात धरून ठेवीत. "चव घेतलीस, आता जेवण घरी." आपल्या मालावरही त्यांचा विश्वास नव्हता. "ही पोळी रायवळची आहे, आंबट लागेल. ही नको घेऊ, ती घे." हे कपाळावर हात मारून घेत. "आत्ये, अशाने धंदा व्हायचा कसा?" पण लोक त्यांनी सांगितलेलीच पोळी घेत, आणि जास्त घेत. ती म्हातारी बसते ते दुकान, अशी ओळख झाली.

त्यांचा संशय दर वेळी बरोबर ठरे असं मात्र नाही. धक्क्यावर इब्राहिम नावाचा पडाववाला होता, राजिवड्याचा. मुंबईची गिऱ्हाइकं पत्राने माल मागवू लागली होती, त्यांचे डबे तो बोटीवर पोचवायचा. एकदा मुंबईच्या एका गिऱ्हाइकाचा आमसुलांचा डबा पोचला नाही असं पत्र आलं. आत्याबाईंनी भर धक्क्यावर इब्राहिमला चोर म्हटलं. तरी आमचे डबे न्यायचं त्याने थांबवलं नाही. दिवाळीला तो मुंबईकर घरी आला आणि हसत हसत सांगितलं की डबा त्याच्या भावाने उतरवून घेतला होता. आत्याबाई ऊन डोक्यावर घेऊन धक्क्यावर गेल्या. मी मागे मागे. चोर म्हटलं तेव्हा होती तेवढीच माणसं जमेपर्यंत त्या थांबल्या.

"इब्राहिम, मी तुला चोर म्हटलं ते ऐकलंस ना?"

"ऐकलं, आते."

"मोठ्याने म्हटलं होतं?"

"मोठ्याने."

"मग आताही मोठ्याने ऐक. तू चोर नाहीस." आणि परत वळताना, "पण उद्याचे डबे मोजून घेणार हो मी."

"मोजा की," इब्राहिम म्हणाला. "मीबी तुमच्यासमोर मोजूनच घेणार. तुम्हीच कमी दिलेत तर?" धक्क्यावरची माणसं हसली. आत्याबाईंना त्याचं बोलणं आवडलं असावं. त्यानंतर त्याला त्या दोनदा चव देत.

दामूचं पुढे बरं झालं नाही. कंपनीने त्याच्या समोरच्याच बाजूला दुसऱ्याला तीच एजन्सी दिली, तोच हत्ती, तोच भाव. महिन्याचा माल मात्र दोघांनी उचलायचाच. दामूच्या घरात चहाच्या पेट्या छपरापर्यंत गेल्या. हे ऐकून मला बरं वाटलं असं नाही, पण मनावरचा एक दगड खाली आला. आत्याबाईंनी ऐकलं आणि मला म्हणाल्या, "चल." पेठेत जाऊन त्यांनी पैसे देऊन त्याच्याकडून एक पुडी घेतली. घरी आणून सील फोडलं आणि चहा सुपात ओतून तांदूळ निवडावेत तसा निवडायला बसल्या. खडा नाही, काडी नाही. आपल्या चुलीवर उकळला आणि एक घोट घेतला.

"चहा खरा आहे गो," त्या म्हणाल्या. "उगाच बोलले मी चहाला."

असे बरेच पावसाळे गेले. दर संकष्टीला अंगणात आवाज येई, आणि दर संकष्टीला थोडं थोडं फिटत जाई. मुलं मोठी झाली, त्यांच्या मुंजी झाल्या. आत्याबाईंनी आमच्या पंगतीला पान घेतलं नाही. सांदणांचा वास परड्यात जात असणारच. त्या खोलीत बसून आपली पेज पीत. मी मनाशी म्हणायला शिकले होते, नसेल विश्वास तर नसो.

मग एका ज्येष्ठात, बोटी बंद व्हायच्या आधीचा हंगाम आटोपला आणि ह्यांनी संकष्टीची वाट बघितली नाही. राहिलेले सगळे रुपये घेऊन आत्याबाईंना ओटीवर बोलावलं. त्यांनी मला पाटा आणायला सांगितला. एकेक रुपया पाट्यावर आपटून ऐकला. त्यांचे कान आता मंद झाले होते, म्हणून पाट्यावर वाकून ऐकत. एका रुपयाला थांबल्या. पुन्हा आपटला.

"हा बदल."

ह्यांनी दुसरा दिला. तो वाजला. आत्याबाईंनी सगळे रुपये पदरात बांधले, गाठ दोनदा ओढून बघितली आणि म्हणाल्या, "भैरीला उद्या नारळ ठेव. फिटलं म्हणून सांग त्याला." मग माझ्याकडे वळल्या. "पाट मांड."

मला कळेना. "कशाला?"

"बसायला. सकाळपासून सांदणांचा वास येतोय."

मी पाट मांडला, ताट वाढलं. इतक्या वर्षांचं मनातलं ओठांवर आलं. "आत्याबाई, माझ्या हातचं एवढं का टाकलंत? माझा संशय होता ना तुम्हाला?"

त्यांनी ताट जवळ ओढलं. "तुझा कशास? माझा होता. तुझ्या हातचं खाल्लं असतं तर अंगणात उभं राहून पैसे मागायला माझं तोंड झालं असतं काय? एखाद्या संकष्टीला म्हटलं असतं, राहू दे गो. मग दुसऱ्या संकष्टीला. आणि तुम्हीही म्हटलं असतं, आत्ये आपलीच आहे."

असं म्हणून त्यांनी सांदण चिमटीने मोडलं, नाकाशी नेलं, हुंगलं, आणि तोंडात घातलं. बराच वेळ चघळत राहिल्या.

"गूळ कमी पडलाय," त्या म्हणाल्या, आणि ताट पुढे सरकवलं. "आणखी दोन वाढ."